सोलापुरात संमतीने घटस्फोट घेताना: कागद, पैसा आणि त्यांचा क्रम

नोटरीकडे पाचशेच्या बाँडवर दोघांच्या सह्या झाल्या, चार जाणती माणसं बसली, साक्षीदारांनी अंगठे उठवले की फारकत झाली, असं सोलापूर जिल्ह्यात आजही कितीतरी घरांत धरून चालतात. ती झालेली नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली लग्न मोडतं ते न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. समाजातल्या रूढीप्रमाणे झालेल्या काडीमोडीला याच कायद्याच्या कलम २९(२) मध्ये जागा आहे. पण ती रूढी जुनी, सलग आणि सर्वमान्य आहे हे वेळ आली की कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. "आमच्यात चालतं" एवढ्यावर भागत नाही. अशा बाँडवर विसंबून कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न शून्य ठरतं, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि दुसऱ्या घरातून आलेली मुलगी काही दोष नसताना अधांतरी राहते. म्हणून तुमच्या हातात असा कागद असेल तर तो वेगळं राहत असल्याचा पुरावा म्हणून जपून ठेवा आणि रीतसर अर्ज करा.

पुढची सगळी माहिती दोघांची संमती असलेल्या घटस्फोटाची आहे, म्हणजे कलम १३ब ची. भांडून घ्यायच्या घटस्फोटाचा रस्ता निराळा आणि फार लांबचा.

अर्ज कुठे करायचा

लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र राहणं जिथे झालं, किंवा पत्नी आज जिथे राहते, यांपैकी कुठलंही ठिकाण चालतं (कलम १९, पत्नीच्या राहत्या ठिकाणाची सोय २००३ च्या दुरुस्तीने आली). दोघंही नोकरीला पुण्यात असले तरी लग्न सोलापूरच्या कार्यालयात लागलेलं असेल तर अर्ज सोलापुरात करता येतो. शहरासाठी कौटुंबिक न्यायालय आहे. बार्शी, पंढरपूर अशा तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात अर्ज जातो. कलबुर्गी किंवा विजयपूर माहेर असलेली पत्नी तिकडेही अर्ज करू शकते. तो दावा कर्नाटकातून महाराष्ट्रात आणायचा झाला तर सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं, तेव्हा ठिकाण आधीच दोघांनी ठरवून घेतलेलं बरं.

कागद फार लागत नाहीत: विवाह नोंदणीचा दाखला (नोंदणी केलीच नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो), दोघांचं आधार, पत्त्याचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट आकाराचे फोटो. पत्रिका तेलुगू किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठी भाषांतर सोबत जोडा. अर्ज मराठीत चालतो, आणि तो मराठीतच करा, कारण ज्या अटींवर पुढची दहा वर्षं काढायची त्या दोघांना स्वतः वाचता आल्या पाहिजेत. कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही, न्यायालयाच्या परवानगीने तो देता येतो. एरवी ती परवानगी मिळते. महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. चौकशीचा फोन १५१००. घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, ही गोष्टही बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही.

एक वर्ष आणि सहा महिने

लग्नाला एक वर्ष झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही (अपवादात्मक हालअपेष्टा असतील तरच), आणि अर्जाच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. पती-पत्नीचा संसार थांबलेला असणं महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या सुरेष्टा देवी निकालात सांगितलं. अर्ज दाखल झाल्यावर पहिला जबाब होतो, म्हणजे दोघं न्यायाधीशांसमोर आपली संमती सांगतात. अर्जाच्या तारखेपासून सहा महिने थांबायचं, आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब द्यायचा.

हे सहा महिने माफ होऊ शकतात. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानुसार त्यासाठी अर्जाआधीच दीड वर्षाचं वेगळं राहणं झालेलं हवं, समेटाचे प्रयत्न थकलेले हवेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा, बाकी देणीघेणी हे सगळं खरोखर मिटलेलं हवं. माफीचा अर्ज पहिल्या जबाबानंतर आठवड्याने करता येतो. तो फेटाळला जातो तो बहुधा शेवटच्या मुद्द्यावर: अटींत "पैशाचं नंतर ठरवू" अशी एखादी ओळ राहून गेलेली असते. त्याच निकालात दूर असलेल्या पक्षकारासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मुभाही आहे.

मधल्या काळात विवाह समुपदेशक दोघांना बोलावतात. हे टाळू नका. तिथे तुम्हाला कुणी नांदायला भाग पाडत नाही, आणि मुलांच्या भेटीचं वेळापत्रक ठरवायला त्याहून शांत जागा कोर्टात दुसरी नाही.

बोलणीला बसण्याआधी

एक गैरसमज आधी काढून टाका: आपल्या कायद्यात लग्नामुळे नवऱ्याची अर्धी मिळकत बायकोची होत नाही. मिळकत ज्याच्या नावावर त्याची. पत्नीला मिळतो तो पोटगीचा हक्क, राहण्याचा हक्क आणि तिचं स्त्रीधन. ते स्त्रीधन सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून स्पष्ट आहे की नवरा ते फक्त सांभाळत असतो, आणि परत द्यायला नकार दिला तर तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो.

पोटगीच्या वादात दोघांनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात ठरवून दिलं. त्या निकालाला जोडलेला नमुना संमतीच्या घटस्फोटातही चौकशीची यादी म्हणून वापरा. त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तोच जास्त कामाला येतो. पगारदाराची पगारपावती एका दिवसात हाती येते. ऊस, डाळिंब, यंत्रमाग यांत पावती नसते, तेव्हा उत्पन्न मागच्या दाराने शोधावं लागतं: साखर कारखान्याची तीन हंगामांची ऊसबिलं, ज्या बँक खात्यावर ती जमा झाली त्याचा उतारा, सातबारावरची पीकपाहणी, पीककर्जाची मर्यादा, मागाच्या शेडचं वीजबिल, जीएसटीचे विवरणपत्र. शेडचं वीजबिल महिन्याला तीस हजार आणि सांगितलेलं उत्पन्न पंधरा हजार, हे जुळत नाही, आणि ते कागदावर दिसतं. सूची २ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन शोधली की गेल्या दोन-तीन वर्षांत भावाच्या किंवा आईच्या नावे काही फिरवलं आहे का तेही कळतं.

पत्नीचंही मोजायचं. विडी कामगार बाईचं पीएफ असतं, ते तिचंच. कुंभारीच्या वसाहतीत किंवा घरकुल योजनेत तिच्या नावावर घर असेल तर वाटपपत्र वाचा. अशा घरांना हस्तांतराच्या अटी असतात, आणि बोलणीत ते घर "नवऱ्याला देऊन टाकू" असं बोलून मोकळं होता येत नाही.

आता कर्जं. पतसंस्थेच्या कर्जाला बायको जामीनदार आहे का, गृहकर्जात सहकर्जदार आहे का, तिचे दागिने सोनेतारणात आहेत का, हे लेखी काढा. घटस्फोट झाला म्हणून जामीनकी सुटत नाही. बँक किंवा पतसंस्था तुमच्या दाव्यात पक्षकार नसते, त्यामुळे "यापुढे सर्व कर्ज पती फेडेल" या वाक्याने तिच्यावर काही बंधन येत नाही. हप्ते थकले की नोटीस दोघांनाही येते. जामीनदार बदलून घेतल्याचं किंवा कर्ज एकट्याच्या नावे केल्याचं पत्र दुसऱ्या जबाबाआधी हातात हवं.

अटी लिहिताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. "पतीने पत्नीस योग्य ती रक्कम द्यावी व दागिने परत करावेत." ही ओळ कोर्टात वाचायला बरी वाटते, पण वसुलीला गेलात की तिला हात ना पाय. तीच गोष्ट अशी लिहा: "कायम पोटगीपोटी एकूण ८,००,००० रुपये. पैकी २,००,००० रुपयांचा डिमांड ड्राफ्ट पहिल्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर दिला. उरलेले ६,००,००० रुपये दुसऱ्या जबाबाच्या दिवशी, जबाब नोंदवण्यापूर्वी, राष्ट्रीयीकृत बँकेच्या डिमांड ड्राफ्टने न्यायालयासमोर देईल." रक्कम उदाहरणापुरती आहे. पण तारीख, साधन, जागा आणि कशाच्या आधी, ही चारही अंगं हवीतच.

हप्ते असे तोडायचं कारण आहे. हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही सुरेष्टा देवी निकालातच आहे. नवऱ्याने सगळी रक्कम पहिल्याच दिवशी दिली आणि पत्नी फिरली, तर पैसे परत मिळवायला वेगळी लढाई. पत्नीने रक्कम हाती येण्याआधी सगळ्या केसेस काढून घेतल्या आणि नवरा फिरला, तर तिच्याकडे धरायला काहीच उरत नाही. म्हणून लहान वाटा आधी, मोठा शेवटी, आणि शेवटचा न्यायाधीशांसमोर. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊ नका: वटला नाही तर कलम १३८ ची आणखी एक केस, आणि तोवर घटस्फोट होऊन गेलेला. ड्राफ्टची मुदत तीन महिने असते, त्यामुळे तो तारखेच्या आठवड्यातच काढा.

आकडा किती असावा, याचं गणित कायद्यात नाही. २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालात नक्त पगाराच्या २५ टक्के दरमहा हे प्रमाण न्याय्य मानलं गेलं होतं, त्याचा दाखला नेहमी देतात. पण तो नियम नव्हे. एकरकमी ठरवताना पत्नीचं वय, तिची कमाई, घरभाडं आणि मुलं कुणाकडे, यावर बसून हिशेब करा. हप्त्याची दरमहा पोटगी ठरवलीत तर दरवर्षी किती टक्के वाढ ते तिथेच लिहा, नाहीतर पाच वर्षांनी दर महागाईचा आणि रक्कम जुनी, असं होऊन पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (पूर्वीचं १२५) खाली आदेश झालेला असेल आणि रक्कम थकली, तर देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. मुदत गेली की त्या महिन्यांची ती वाट बंद होते.

मुलांची पोटगी वेगळ्या ओळीत लिहा. आई स्वतःचा हक्क सोडून देऊ शकते, मुलांचा नाही. "मुलांसह सर्व हक्क सोडले" असं लिहिलं तरी मुलाच्या वतीने उद्या अर्ज करता येतो. शाळेचं नाव, फी कोण भरणार, दहावीनंतरच्या शिक्षणाचं काय, आजारपणाचा खर्च कसा वाटायचा, पासपोर्टवर सही कोण करणार, हे लिहा. साधारणपणे पाच वर्षांखालचं मूल आईकडे राहतं. भेटीचं "सोयीनुसार" असं कधीच लिहू नका, त्या शब्दावरून सणाच्या दिवशी दारात भांडणं होतात आणि ती मूल बघत असतं. महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. उन्हाळी सुट्टीचे कोणते पंधरा दिवस. दिवाळीत पाडवा एकाकडे तर भाऊबीज दुसऱ्याकडे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मूल कुणाबरोबर जाणार. सोलापुरातल्या मुलाला गड्डा म्हणजे वर्षाचा मोठा सण, तो मोठ्यांच्या वादात हुकू देऊ नका.

दागिने वजनासह. "सर्व स्त्रीधन मिळाले" या वाक्याखाली सही करण्याआधी वस्तू हातात घ्या, सराफाकडे वजन करा, मग सही करा.

घर आणि जमीन

घर पत्नीच्या नावे करायचं ठरलं असेल तर वेळ महत्त्वाची आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीने एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी वेगळी). ही सवलत पत्नीला आहे. हुकूमनामा झाल्यावर ती पत्नी राहत नाही, मग पूर्ण दराने शुल्क. आयकरातही तसंच: जोडीदाराकडून मिळालेली भेट करमुक्त, पूर्वीच्या जोडीदाराला ते नातं नाही. म्हणून बक्षीसपत्र दुसऱ्या जबाबाच्या आधी एक-दोन दिवसांत नोंदवा. फार आधी नाही, कारण नोंदवलेलं बक्षीस सहज परत घेता येत नाही. बक्षीसपत्र विनामोबदला असावं लागतं. घर पोटगीच्या बदल्यात देत असाल तर कुठला दस्त आणि किती शुल्क, हे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी अभिनिर्णय करून घ्या. आणि हक्कसोडपत्राची २०० रुपयांची सवलत वडिलोपार्जित मिळकतीसाठी आहे, दोघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटला ती लावू नका.

नुसत्या अटींत घराचा उल्लेख करून नाव लागेल अशी समजूत असेल तर नोंदणी कायद्याचं कलम १७(२)(६) पाहा: तडजोडीच्या हुकूमनाम्यात दाव्याचा विषय नसलेली मिळकत आली तर त्याची नोंदणी लागते. त्यामुळे मिळकतीचं वर्णन मूळ अर्जातच गट क्रमांक, सिटी सर्व्हे क्रमांक आणि चतुःसीमेसह घाला. नोंदणी टळली तरी मुद्रांकाचा प्रश्न उरू शकतो. पुढे सातबारावर फेरफार, शहरात मिळकतपत्रिका आणि महापालिकेची कर आकारणी, ही तिन्ही कामं वेगवेगळ्या टेबलांवर होतात. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

फौजदारी केस असेल तर

छळाची केस (जुनं ४९८अ, आता न्याय संहितेचं कलम ८५) दोघं कोर्टात जाऊन परस्पर मागे घेऊ शकत नाहीत. ती तडजोडयोग्य गुन्ह्यांत मोडत नाही, उच्च न्यायालयाकडूनच रद्द करून घ्यावी लागते. सोलापूरकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको: १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. अटींत चालू असलेल्या प्रत्येक केसचा क्रमांक, न्यायालय, आणि कोण कधी काय करणार हे लिहा. पत्नीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र शेवटच्या रकमेसोबत द्यायचं, अशी साखळी बांधली की दोघंही सुरक्षित राहतात. घरगुती हिंसाचाराचा अर्ज आणि नांदायला येण्याचा दावा हेही या यादीत घाला. एखादी केस विसरली की दोन वर्षांनी समन्स दारात येतं.

कर, नक्कल, नॉमिनी

एकरकमी पोटगी हा भांडवली स्वरूपाचा पैसा, त्यावर आयकर नाही. दरमहा पोटगी हे उत्पन्न. हा फरक मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या प्रिन्सेस महेश्वरी देवी निकालातला आहे. देणाऱ्याला दोन्हींची वजावट मिळत नाही.

हुकूमनाम्याच्या किमान तीन प्रमाणित नकला घ्या. पीएफ, विमा, बँक, ग्रॅच्युइटी या प्रत्येक ठिकाणी नॉमिनी बदला, संयुक्त लॉकर बंद करा. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपील नाही. भांडून झालेला घटस्फोट असेल तर पुन्हा लग्न करण्याआधी अपिलाचे ९० दिवस जाऊ द्या.

मुस्लिम जोडप्यांसाठी वाट वेगळी. एका दमात दिलेला तीन तलाक २०१९ च्या कायद्याने शून्य आणि गुन्हाही आहे. दोघांच्या संमतीने मुबारत होऊ शकते, ती लेखी करा आणि कौटुंबिक न्यायालयाकडून तसं जाहीर करून घ्या, म्हणजे पासपोर्ट आणि शाळेच्या कागदांना अडत नाही. मेहर बाकी असेल तर तो पोटगीहून वेगळा मोजायचा. घटस्फोटित मुस्लिम महिला कलम १२५ (आता १४४) खाली पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं.

लग्न अजून व्हायचं असेल तर

"घटस्फोट झाला तर इतकेच पैसे" असा लग्नाआधीचा करार हिंदू लग्नाला करून ठेवला तर त्यावर भिस्त ठेवू नका. भविष्यातल्या विभक्तीचा सौदा सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून करार कायद्याच्या कलम २३ खाली शून्य ठरू शकतो. पोटगी ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार तर तो काढूच शकत नाही. गोव्यात तिथल्या नागरी कायद्यामुळे असे करार चालतात, ते बघून इथे नमुना उचलू नका. निकाहनाम्यात मात्र मेहर आणि वाजवी अटी घालता येतात, त्या कोरा रकाना सोडून देऊ नका.

हिंदू लग्नात उपयोगी पडतो तो साधा कागद म्हणजे भेटवस्तूंची यादी. हुंडा प्रतिबंधाच्या १९८५ च्या नियमांनुसार ती लग्नाच्या वेळीच लेखी करायची असते: वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि शेवटी नवरा-नवरी दोघांच्या सह्या. एक ओळ अशी दिसते: "पाटल्या, एक जोड, २२ कॅरेट, ४० ग्रॅम, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक अमुक, किंमत अमुक, देणार: वधूचे मामा." तोळ्यात लिहू नका, ग्रॅममध्ये लिहा, सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा आणि जुन्या माणसांचा साडेअकराच्या वर. सराफाचं बिल ज्याने पैसे दिले त्याच्याच नावाचं घ्या. लग्नाआधी घेतलेलं घर, शेतीतला वाटा, मुदतठेवी यांचे उतारे त्या तारखेचे काढून ठेवा, आणि लग्नानंतर त्या घराचे हप्ते कुणाच्या खात्यातून जातात ते बँकेत दिसेल असं ठेवा, रोखीने देऊ नका. यादीच्या दोन प्रती करा. नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूकडे राहते, तिची एक झेरॉक्स माहेरीही असू द्या.